ओनिनचे युद्ध आणि लालबागचे घर

मी, शालिग्राम सुपडू महाजन, वय ५६, वाणिज्य पदवीधर, कागद कारखान्याच्या हिशेब विभागातून स्वेच्छानिवृत्त, राहणार लालबाग, बुऱ्हाणपूर, माझ्या पश्चात मालमत्तेची व्यवस्था लागावी म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. या घरात ती आणखी कोणाची शाबूत आहे, हे नमूद करण्यास कायदा मला भाग पाडत नाही.

१. पत्नी सुशीला हयात नाही, अपत्य नाही. घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित केळीच्या मळ्यातील माझा हिस्सा मी धाकटा बंधू भाईदास यास पूर्वीच सोडून दिला आहे. त्याने त्याची भूक भागली नाही, वाढली.

२. घराच्या पश्चिमेकडील खोल्यांत भाईदास राहतो. पूर्वेकडे त्याचा घरजावई धर्मेंद्र. माझ्यामागे घर कोणाचे, यावरून मी जिवंत असतानाच दोघांत युद्ध सुरू आहे. मधोमध त्यांनी विटांची भिंत घातली आहे. नळ एकच असल्याने भिंतीत त्याच्यापुरते भोक ठेवले आहे. त्या भोकातून होणारे संभाषण या दस्तऐवजात नोंदवण्यायोग्य नाही.

३. निवृत्तीनंतर मी जपानच्या ओनिन कालखंडाचा अभ्यास केला. तेथेही शासक हयात असताना वारसावरून युद्ध पेटले. सासरा पश्चिमेच्या सैन्याचा, जावई पूर्वेच्या सैन्याचा सेनापती. मध्ये राजधानी क्योटो जळाली. दरबाराने उपाय म्हणून दोन वर्षांनी कालखंडाचेच नाव बदलून ‘बुनमेई’, म्हणजे सुसंस्कृत, असे ठेवले. सुसंस्कृत युद्ध पुढे आठ वर्षे चालले. दोन्ही सेनापती मेले, तरी चालले. शासक मात्र कलेत आणि बागांत रमला.

हे मी दोघांना सांगून पाहिले. भाईदास म्हणाला, “दादा, जपानचं राहू दे, पयले नळाचा फैसला कर.” धर्मेंद्र म्हणाला, “मोठे बाबा, त्याच्यात जावई जिंकला की नाही, बस इतकंच सांगा.” कोणीच जिंकले नाही, असे मी सांगितले. तोवर तो मोबाइलमध्ये शिरला होता.

४. आमच्या दरबाराचा उपायही तोच. प्रत्येक मोठ्या भांडणानंतर सत्यनारायण घालायचा आणि फाटकावर नवी पाटी लावायची. ‘महाजन निवास’चे ‘शांतिकुंज’ झाले, ‘शांतिकुंज’चे ‘प्रेमसदन’. ‘प्रेमसदन’ची पाटी कोणी ठोकायची, यावरून झालेल्या झटापटीत धर्मेंद्रची हातोडी सासऱ्याच्या बोटावर बसली. ती चुकून बसली, असे दोघांपैकी एकाचे म्हणणे आहे.

निशा ही भाईदासची मुलगी आणि धर्मेंद्रची पत्नी. भिंत झाल्यापासून ती झाकलेले ताट घेऊन रस्त्याने वळसा घालून बापाकडे जाते. घर ताब्यात आले की तू इकडची की तिकडची ते ठरव, असे दोघांनीही तिला बजावले आहे. त्या दिवशी बोटाला हळद लावताना ती म्हणाली, “मोठे बाबा, नाव काही बी ठेवा. दोन्हीकडची चूल तर मलाच पेटवायची आहे ना!”

बागेत रमणारा शासक होण्याची माझी इच्छा नाही.

५. सबब संपूर्ण घर आणि बँकेतील सर्व ठेवी मी एकट्या निशाला पूर्ण मालकीहक्काने देतो. तिचा बाप आणि नवरा तिच्या मर्जीने, मर्जी असेतोवर तेथे राहतील. भिंत दोघांनी स्वहस्ते पाडावी. न पाडल्यास निशाने मजूर लावावेत. विटांसोबत या दोघांनाही बाहेर काढण्याचा तिला अधिकार राहील.

६. ‘शांतिकुंज’ ही पाटी भाईदासला आणि ‘प्रेमसदन’ ही धर्मेंद्रला देतो. फाटकावर यापुढे केवळ घर क्रमांक असावा. जपानविषयीची पुस्तके मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमलेले ॲड. निरंजन वाणी यांना, “मग पुढे काय झालं?” असे विचारणारे ते एकटेच.

७. मला अग्नी निशाने द्यावा आणि अस्थी राजघाटावर तापीत सोडाव्यात. सासरा-जावयाने खांदा द्यायचाच तर मागून द्यावा. पुढचे कोण यावरून मला रस्त्यात ताटकळत ठेवू नये.

८. साक्षीदार म्हणून मी याच दोघांना बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे बंधन नाही. पण वाचण्यास माझी हरकत नाही, आणि म्हणूनच हे कलम सह्यांच्या लगेच वर ठेवले आहे. माझी खात्री आहे की दुसऱ्याची सही आधी होईल या धास्तीने दोघेही एक ओळसुद्धा वाचणार नाहीत. मी शुद्धीवर नव्हतो, असे उद्या त्यांनी म्हटल्यास खाली पाहावे.

(सही) शालिग्राम सुपडू महाजन

साक्षीदार, माझ्या समक्ष:
(सही) भाईदास सुपडू महाजन
(सही) धर्मेंद्र कौतिक चौधरी

स्थळ: लालबाग, बुऱ्हाणपूर
दिनांक: ३ मार्च २०२५