कडूबाईच्या नावावर

७ एप्रिल

सुदर्शन सरांना आता 'बाजाराचा अंदाज' पाहिजे. तेल-वायूच्या ड्रिलिंगमध्ये कंपन मोजणाऱ्या यंत्रांना पुढच्या पाच वर्षांत मागणी कशी राहील — इंग्रजीत, आलेखांसकट. पुढच्या महिन्यात पुण्याचे भागीदार येतायत, त्यांना दाखवायचाय. मी क्वालिटीची बाई. मला बाजारातलं काय कळतं? गुलमंडीत एक साडी घ्यायची तर दोन दुकानं फिरून डोकं दुखतं माझं. "तुमचं इंग्रजी चांगलं आहे, मॅडम." झालं! इंग्रजी बरं असलं की कुणीही काहीही गळ्यात मारावं.

चितेगावच्या कारखान्यातून यायला उशीर. पैठण रोड खोदलेलाच. घरी पाणी नाही. खिचडी टाकली.

१० एप्रिल

दिवसभर लोकांचे अंदाज वाचले. सगळे एकमेकांचंच बघून लिहितात असं दिसतंय. मागणी वाढणार, वाढणार, वाढणार. विहिरी खोल चालल्यात, खाली पाइप हादरून तुटला तर सगळं काम ठप्प, म्हणून आधी सांगणारं यंत्र प्रत्येकाला पाहिजे. वाचायला बरं वाटतं. आमच्यासारख्या छोट्या युनिटला त्यात कुठं जागा, हे कुणीच लिहीत नाही. आमची सगळी भिस्त आमच्या यंत्राच्या गुजरातेतल्या त्या एका ट्रायलवर.

१४ एप्रिल

जयंती. क्रांती चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीत कडूबाई भेटली. नवी पांढरी साडी, नातू कडेवर. कारखान्यात भिंगाखाली केसाएवढ्या तारा जोडते ती, मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून. मला बघितल्याबरोबर पहिला प्रश्न — "म्याडम, आपलं यंत्र गेलं का खाली?" म्हटलं, गेलं, गुजरातेत, चांगलं दोन किलोमीटर. "टिकंल बघा," म्हणाली. "एकेक तार वढून पाह्यलीय मी." मग नातवाला म्हणाली, पाया पड म्याडमच्या. ते पोरगं रडायलाच लागलं.

१९ एप्रिल

गुजरातहून फोन. पाइप तुटला.

खाली आमचा सेन्सर, वर ड्रिलरच्या केबिनमध्ये आमचाच डबा. पाइप जास्त हादरायला लागला की डब्यावर लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो, मग ड्रिलरनं वेग कमी करायचा. गिऱ्हाईक म्हणतं दिवा लागलाच नाही. म्हणजे सेन्सर कामातून गेलेला.

सरांनी फोन हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, "ही ट्रायल गेली की ऑर्डर गेली. ऑर्डर गेली की पुणेवाले गेले. मग हे युनिट चालवायचं कशावर?" ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२६ एप्रिल

खोका आला, सेन्सर आणि वरचा डबा दोन्ही त्यात. सेन्सर चिखलानं माखलेला, पण अख्खा. मी स्वतः उघडला. कडूबाईची जोडणी जशीच्या तशी! एक तार हललेली नाही. मग डब्यातली नोंद काढली. लाल. पुन्हा लाल. पुन्हा लाल. आणि दर वेळी वरून कुणीतरी भोंगा बंद केलेला. शेवटी तर तो कायमचाच बंद करून टाकलाय. त्यांना खोदाईचे मीटर वाढवायचे होते, वेग कमी करायचा नव्हता. एवढंच.

मी जवळजवळ पळतच सरांच्या केबिनमध्ये गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे त्यांना पाठवलं तर?"

"तर आपण सुटलो, सर."

"आपण सुटलो. आणि गिऱ्हाईकही सुटलं."

मला लगेच कळलंच नाही. बसमध्ये बसल्यावर कळलं.

३० एप्रिल

गिऱ्हाईकाच्या साहेबाशी सरांचं बोलणं झालं. ड्रिलरची चूक निघाली तर तो साहेब स्वतःच अडचणीत येतो. तुमच्या जोडणीत दोष होता असं लिहून द्या, विषय मिटवू, ऑर्डर सोडू — असं म्हणाला म्हणे, अगदी गोडीत.

अहवालात दोष कुठं झाला ते लिहायचं, आणि कुणाच्या हातून, तेही. जोडणी म्हटलं की आमच्याकडं एकच नाव.

मी म्हटलं, माझं टाका. तपासून पास मी केलाय. सर म्हणाले, "तुमचं टाकलं तर आपली तपासणीच कच्ची ठरते. मग सगळाच माल संशयात." बरोबरच बोलत होते, त्याचाच राग आला. "फक्त कागदावर आहे, मॅडम. तिला कळणारसुद्धा नाही. तिचा पगार, तिची नोकरी, काही हलणार नाही. माझा शब्द."

विचार करते म्हटलं.

२ मे

सही केली नाही. डोकं दुखतंय.

५ मे

राजकुमारला सांगितलं. तो दहावीचे पेपर तपासून आलेला, सोफ्यावर आडवा. "सगळीकडं असंच चालतं, विशाखा. तू नाही केली तर दुसरं कुणी करील." म्हटलं, दुसरं कुणी नाहीय, क्वालिटीला मी एकटीच आहे. "मग पंधरा-वीस बायांच्या नोकऱ्यांचा विचार कर," म्हणाला आणि कूस बदलली. नवऱ्याला काही विचारायचं म्हणजे हे असं.

मध्येच पाणी आलं. हंडे, बादल्या, पातेली, सगळं भरलं. नंतर जेवायचंही त्राण नव्हतं.

६ मे

सही केली.

कडूबाईला आधी सांगायचं ठरवलं होतं. भिंगापाशी गेलेही. तिनं वर बघितलं, हसली, "बसा की म्याडम," म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, सहज. परत आले आणि केली. लाज वाटतेय. दुसरा शब्दच नाही त्याला. बाहेरच्या कुणी तिच्याशी असं केलं असतं तर मीच पहिली भांडायला उभी राहिले असते.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. लेणीवर गेलो होतो. ऊन मरणाचं. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं बोलणार नाही म्हणतात तिथं, माझे नुसते ओठ हलले. कोण बघतंय म्हणा.

१६ मे

पुणेवाले येऊन गेले. अंदाज आवडला. शेवटच्या पानावर मी एक वाक्य घातलं होतं — गिऱ्हाईकाला यंत्र हवंय, पण यंत्रानं सांगितलेलं ऐकायची तयारी किती आहे, त्यावर ही मागणी टिकणार. सरांनी आदल्या दिवशीच ते काढून टाकलं. "हे कशाला, मॅडम? त्यांना वर जाणारी रेघ दाखवा." दाखवली. त्यातल्या एकानं विचारलं, ट्रायलमध्ये काही गडबड झाली होती ना? सर म्हणाले, जोडणीत मानवी चूक होती, सुधारलीय. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

२३ मे

ऑर्डर आली! एवढी मोठी आम्हाला पहिल्यांदाच. पेढे वाटले. बायांनी फोटो काढले, मला ओढून मध्ये उभं केलं. कडूबाईनं एक पेढा खाल्ला, एक नातवासाठी पदरात बांधला. "म्या म्हणलं नव्हतं का, टिकंल," म्हणाली सगळ्यांना.

आजच्यापुरतं वाटलं, जाऊ दे. चाललं हे.

२७ मे

नाही चाललं. गिऱ्हाईकाच्या क्वालिटी विभागाची अट आलीय. ज्या कामगाराच्या हातून दोष झाला तो या मालाच्या जोडणीवर नको, तसं लेखी द्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांच्यापुढं माझा अहवाल आहे, त्यावर माझी सही आहे. त्यांच्या जागी मी असते तर हेच मागितलं असतं.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ट्रायलच्या तपासणीत जोडणी कच्ची निघाली म्हणून सांगितलं, पॅकिंगला बस म्हणाले. पगार तोच. शब्द पाळला त्यांनी!

मी त्या वेळी स्टोअरमध्ये जाऊन उभी राहिले. काही काम नव्हतं तिथं.

२९ मे

कडूबाई पॅकिंगला. खोक्यांना चिकटपट्ट्या लावते. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडं आली. "म्याडम, कुठली तार कच्ची व्हती, तेवढं दावा. मला कळाया नको का?" मी म्हटलं, आत्ता घाईत आहे. घाईत! हातात चहाचा कप होता माझ्या.

२ जून

तिच्या जागेवर श्रेयाला बसवलंय. पोरगी हुशार आहे, हात अजून बसलेला नाही. आज ती पॅकिंगच्या दारापर्यंत गेली, कडूबाईला विचारायला, ही बारकी तार किती वेळ तापवायची. कडूबाई म्हणाली, "मला नको इचारू बाई. माझंच चुकतंय. म्याडमला इचार." मी मागंच उभी होते. श्रेया माझ्याकडं वळली. मी काहीतरी सांगितलं. खरं तर मला ते येत नाही, कुणालाच येत नाही तिच्यासारखं.

संध्याकाळी बघितलं तर कडूबाई लावलेली पट्टी पुन्हा उचकटून बघत होती. नीट बसलीय का म्हणून. साधी चिकटपट्टी. मला तिथंच रडू आलं. बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. आता नोकरी जावो, ऑर्डर जावो. सांगणार.

३ जून

सांगितलं. पॅकिंगच्या खोलीत, दार लोटून, सगळं. कडूबाई, तुमची जोडणी शाबूत होती. भोंगा त्यांनी बंद केला. मी खोट्या अहवालावर सही केली. तिनं ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला आणि माझीच समजूत घातली — "नका म्याडम. मला बरं वाटावं म्हणून असं सोतावर नका घेऊ. तुमी खोट्यावर सही करनाऱ्या नाय, मला काय ठावं नाय व्हय?"