अमावास्येला दम सोडणारी पिकअप

ती. निवृत्ती दाजींना,
शेखरचा वाकून नमस्कार.

तुमच्या विहिरीवरची जळालेली मोटर मी या हातांनी तीनदा भरली. द्राक्षबागेच्या ठिबकचा टायमर जुन्या वॉशिंग मशीनच्या सामानातून केला, तो अजून मिनिटभरही चुकत नाही. कांदाचाळीचा पंखा केला, अक्काच्या गिरणीचा स्टार्टर केला, आणि तुमच्या गावच्या मारुतीच्या देवळात आरतीला ढोल, घंटा आणि झांजा एकदम वाजवणारं यंत्रही केलं. (ते भर दुपारी लाइट आल्यावर आपोआप वाजायला लागलं आणि अर्धं गाव हातातलं काम टाकून देवळात आलं, ही तक्रार मला मान्य नाही. बटण चालू ठेवून जेवायला गेला तो पुजारी. यंत्राने आपलं काम केलं.) यातलं काहीही मी कॉलेजात शिकलो नाही. जळालेली वस्तू उघडायची आणि का जळाली ते बघायचं, एवढीच माझी शाळा. हे सगळं सुरुवातीलाच लिहायचं कारण, "तुझा मामा रेडिओवाला, त्याला इंजिनातलं काय कळतंय," असं तुम्ही योगेशला म्हणालात असं कानावर आलं. (योगेशने सांगितलं नाही, अक्काने सांगितलं. त्याला बोलू नका.)

तुमचा गुडघा कसा आहे? अक्काची शुगर? काळी गाय व्याली का? उत्तरं मला योगेशकडून मिळाली आहेत, पण विचारल्याशिवाय पुढे जाणं बरं दिसत नाही. फोनवर तुम्ही दोन वाक्यं झाली की "बरं, ठेवतो" म्हणता, म्हणून पत्र.

आता पिकअप. ती तिसऱ्यांदा माझ्या दुकानासमोर लावलीत तेव्हा तुम्ही खाली न उतरताच सांगितलंत की आता नीट झाली काय आणि नाही काय, गाडी विकायची आणि योगेशला सातपूरला ठेकेदारामार्फत कंपनीत चिकटवायचं. योगेश मागे उभा राहून आरसा पुसत होता. तो आरसा स्वच्छच होता. तुमचा राग मला समजतो. कांदा भरून निघालेली गाडी लासलगावच्या वाटेवर साध्या चढाला दम सोडते, मीटरमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र लागतं, आणि बाजार समितीत पोहोचेपर्यंत लिलाव उरकलेला असतो. हेही तुम्ही सोसलं असतंत. पण त्या चढावर मागून तुमच्या भावकीचा ट्रॅक्टर आला आणि हॉर्न वाजवत पुढे गेला, ते सोसण्यासारखं नव्हतं.

पहिल्या खेपेला मी गाडी इथल्याच एका सर्व्हिस सेंटरला नेली होती. (नाव लिहीत नाही. चहा चांगला देतात.) तिथे आभा नावाची इंजिनिअर मुलगी आहे. तिने स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, आणि मी अजून माझी ओळख करून देत होतो तेवढ्यात म्हणाली, "काका, टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे ना, त्याच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त दाखवतंय. सेन्सर लगेच बदलू नका. आधी वायर बघा." मी घरी आलो आणि सेन्सर बदलला. (जे पाच मिनिटांत कळतं ते बरोबर नसतं, असं त्या वेळी माझं मत होतं.) गाडी सुरेख पळाली. मी तुम्हाला छाती काढून फोन केला. पुढच्या महिन्यात गाडी परत आली. मग मी अर्थिंगचे सगळे जोड सोडून, घासून, पुन्हा आवळले. पुन्हा सुरेख पळाली, पुन्हा फोन, आणि महिन्याने पुन्हा गाडी दारात.

या सेन्सरचं काम समजून घ्या, अवघड नाही. त्याला तीन तारा. पहिली पाच व्होल्ट घेऊन येते, दुसरी अर्थची, आणि तिसरी दाब किती आहे ही बातमी गाडीच्या कॉम्प्युटरला पोचवते. बातमी वेडीवाकडी आली की कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिनाचा जोर काढून घेतो. योगेशबद्दल कोणी काही सांगितलं की तुम्ही आधी त्याच्याकडची किल्ली काढून घेता आणि चौकशी मागाहून करता, तसंच. इंजिनात काही बिघडलेलं नसतं, बातमी चुकीची असते.

एक गोष्ट इथेच लिहायला हवी. बॉनेट उघडलं की समोर अक्काने बांधलेलं लिंबू-मिरची दिसायचं. पुढच्या बंपरला बांधलं की तुमची शेळी खाते, म्हणून अक्का ते आत, तारांच्या जुडग्याला बांधते. मी दर वेळी चप्पल काढली, नमस्कार केला, ते सोडवून धुतलेल्या फडक्यावर बाजूला ठेवलं, आणि काम झालं की जिथल्या तिथे पुन्हा बांधलं. अक्काची गाठ ढिली असते, म्हणून मी आणखी दोन वेढे दिले.

तर या खेपेला योगेश स्टुलावर बसून म्हणाला, "मामा, अमावस्या झाली की दोन-चार दिवसांतच होतंय हे. आई म्हणती, बाहेरचं हाय काहीतरी. म्हणून आता दोन लिंबं बांधती." मी त्याला समजावून सांगितलं की सर्किट पंचांग बघत नाही. (बरंच समजावलं. मध्ये आमची ही दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही गार झाले.) त्याचं तोंड बंद केलं आणि कामाला लागलो. सेन्सरचा प्लग काढून ठेवला, किल्ली फिरवली आणि माझ्या व्होल्टमीटरची पिन तिसऱ्या तारेवर टेकवली. या गाडीत, सेन्सरच जोडलेला नसेल तर त्या तारेवर काही यायला नको. आले चार व्होल्ट. म्हणजे माणूस गावाला गेलेला आणि त्याच्या नावाने मतदान झालेलं. पहिल्या तारेचे पाच व्होल्ट कुठून तरी तिसरीत झिरपत होते, आणि दोघी शेजारी शेजारी येतात त्या फक्त प्लगमध्ये.

मी प्लग बोटांत धरून आत बघायला लागलो आणि बोट असं झोंबलं की मीटर हातातून पडता पडता राहिला. आदल्या दिवशी पत्र्याने बोट कापलं होतं. बॅटरीचं पाणी म्हणावं तर बॅटरी पार दुसऱ्या बाजूला. मग मी जिभेचं टोक लावून पाहिलं. (बॅटरीच्या पाण्याची शंका पूर्ण गेल्यावरच. तुम्ही असं कधी करू नका, मला सवय आहे.) आंबट. आमची ही दारातूनच म्हणाली, "आता जेवायला वाढू का, की इंजिनावरच भागतंय?"

दाजी, लिंबू. प्लगचं रबर फाटलेलं होतं आणि लिंबू बरोबर त्याच्या डोक्यावर. इंजिन तापलं की लिंबू शिजायचं आणि रस थेंब थेंब प्लगमध्ये. आंबट पाण्यातून वीज खुशाल जाते. अमावास्येला ताजं लिंबू, की दोन-चार दिवसांत गाडी आजारी. पौर्णिमेपर्यंत ते सुकून कडक व्हायचं, की गाडी ठणठणीत. मागच्या दोन्ही वेळी मी दुरुस्त केली तेव्हा ते सुकायलाच आलेलं होतं; या खेपेला लिंबं दोन, म्हणून रस अजून ओला होता. म्हणजे माझ्या सेन्सरने नाही आणि माझ्या अर्थिंगनेही नाही, गाडी वाळून बरी होत होती. आणि गाडी बिघडली की अक्काचा जीव खाली-वर होऊन ती आणखी एक लिंबू वाढवायची.

मला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. भरलेली गाडी घेऊन पोरगं रस्त्यावर असतं तेव्हा अक्काला घास जात नाही, हे मला तुमच्याआधीपासून माहीत आहे. तिच्या हातात करण्यासारखं एवढंच होतं. योगेश त्या लिंबांकडे बघत म्हणाला, "आईला नका सांगू मामा. ती स्वतःलाच बोल लावत बसंल."

नवा प्लग बसवला, पिना जोडून रबर घट्ट केलं, वर पत्र्याची छत्री केली. आता प्लग काढला की तिसऱ्या तारेवर शून्य, लावला आणि इंजिन बंद असताना किल्ली फिरवली की हवे तेवढेच, दीड व्होल्ट. एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून वरून एक ताजं लिंबू पिळलं. (सरबतासाठी आणलेलं होतं. त्यावरून घरात बोलणी बसली.) मग दुकानातले जळके पंप मागे भरून पेठ रोडच्या घाटात नेली. योगेशने तिसऱ्या गिअरमध्ये चढवली. पिवळं चित्र नाही. पोरगं गाणं म्हणत होतं, मी त्याला थांबवलं नाही.

आभाला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "वायरच होती ना, काका?" मी म्हटलं, वायर नाही, कनेक्टर. दोन्हींत फरक आहे. ती हो म्हणाली आणि चहा मागवला.

हे पत्र घेऊन जी गाडी तुमच्या दारात उभी आहे ती हीच, आणि चालवत आणणारा तुमचा मुलगा. अक्काला नमस्कार.

तुमचा,
शेखर

ता.क. अक्काला उंदराने वायर कुरतडली असं सांगा. तुमच्याकडे उंदीर आहेतच, त्यामुळे ते अगदीच खोटं ठरणार नाही. पुढच्या जाळीला, शेळीचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर, स्टीलची कडी बसवून दिली आहे. लिंबं तिथे बांधायची, हवी तितकी. पत्र वाचून झालं की चुलीत घाला.

आणखी ता.क. योगेशने पिंपळगावच्या एका बागायतदाराची द्राक्षाच्या क्रेटची भाडी धरली आहेत, सगळा हंगाम. तुम्हाला सांगायची त्याची हिंमत होत नाही. चिडायचं असेल तर माझ्यावर चिडा, त्याला सातपूरला पाठवू नका. पुढचं वाचलंत की चिडायला कारण मिळेलच.

शेवटचं ता.क. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून पाठवलेले सटाण्याचे राजूशेठ काल येऊन गेले. गाडी फिरवून आणली, "भाऊ, गाडी भलती चांगली शे," म्हणाले आणि रोख रक्कम माझ्या टेबलावर ठेवली. योगेशने किल्ली त्यांच्या हातात दिली आणि अक्काने शिवलेली सीटवरची उशी काढून घ्यायला केबिनमध्ये चढला. तो लवकर खाली येईना. मी राजूशेठकडून किल्ली मागून घेतली, रक्कम त्यांना परत दिली, चहा पाजला आणि बसस्टँडला सोडून आलो. गाडी माझी नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी नको म्हणून सांगितलं, ते पाच लाख ऐंशी हजारांना.