या वेळी जागी राहायचंय

झोपाळू बेकरीवाल्या,

पहाटेची पाळी करून आलास आणि बूटही न काढता आडवा झालास, म्हणून उठवलं नाही. चिमणीला शेजारच्या मावशींकडे सोडलंय. मी डॉक्टरीणबाईंकडे चालले आहे. माझं ठरलंय.

या वेळी कळा यायची वाट बघायची. मागच्या सिझेरियनचे कागद वाचून त्या म्हणाल्या, "प्रयत्न करायला हरकत नाही, पण इथेच, माझ्या डोळ्यांसमोर. काही बिनसलं तर लगेच ऑपरेशन." मी हो म्हटलं. पण तशी वेळ आलीच, तर शक्यतो कमरेखालचीच भूल द्या, असंही सांगितलंय.

चिमणीच्या वेळी भूल उतरताना मी पाण्याखाली तरंगत होते. कुठूनतरी लांबून रडणं ऐकू येत होतं, मंद आणि गोड, आणि ते माझंच बाळ आहे हे मला कळलंच नाही. डोळे उघडले तेव्हा ती तुझ्या कुशीत निवांत झोपली होती, जणू तुमची जुनी ओळख. चार वर्षं मला तुझा हेवा वाटतोय. कधी बोलले नाही.

तूही त्या दिवसाबद्दल बोलत नाहीस. "तुला हवं तसं कर" म्हणतोस आणि कामाला निघून जातोस. तू घाबरलायस, मला दिसतं. मीही घाबरले आहे.

बारा वाजता संमतीपत्रावर सही करायची आहे. माझी एकटीची पुरते. तरीही ये. मनात असेल ते डॉक्टरीणबाईंना विचार, नाहीतर नुसता माझ्याजवळ बस.