झोपेत मारलेल्या हाकांविषयी चौकशी

मुक्काम धरणगाव,
चैत्र वद्य पंचमी, शके १८५४

तीर्थरूप नाना यांच्या पायांवर धाकट्या जीवरामने डोकं ठेवलं आहे असं समजावं. आम्ही इकडे खाऊनपिऊन बरे आहोत. तुमची खुशाली तीन वर्षांत विचारली नाही, म्हणून तीन वर्षांची एकदम विचारतो. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? कमल सासरी रमली का? (कमलचं नाव वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असणार. पण तिच्या लग्नाचा विषय टाळून हे पत्र लिहिताच येत नाही, कारण पत्राचा विषय माझी झोप हा आहे.)

त्या दिवशी भर मांडवात, मंगलाष्टकं चालू असताना, मला झोप लागली. तुमच्या नव्या व्याह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मी घोरलो आणि तुम्ही चारचौघांदेखत माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलंत. मी ओल्या कोटानिशी, न जेवता, धरणगावला निघून आलो. त्यावर वाद घालायला ही लेखणी उचललेली नाही. मला वेगळीच गोष्ट विचारायची आहे आणि ती तुमच्यावाचून कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

माझी झोप कशी आहे हे तुम्ही जाणताच. टेकायला भिंत मिळाली की मी गेलो. कापसाच्या जिनाचा भोंगा झाला तरी मला जाग येत नाही, पण शेवंता जवळ बसून धान्य पाखडत असेल आणि तिचं सूप थांबलं की मी दचकून उठतो. (असं का व्हावं? आवाजाने माणूस उठतो हे समजतं. आवाज थांबल्याने का उठावं? शेजारच्या रुपचंद फिटरला विचारलं, तर तो म्हणाला की यंत्र बंद पडलं की त्यालाही तसंच होतं. मग आम्ही दोघे बराच वेळ विचार करत बसलो आणि त्यातच मला झोप लागली.)

तर गेल्या पावसाळ्यात शेवंता मला म्हणाली की तुम्ही रविवारी दुपारी झोपेत बोलता. काय बोलतो, विचारलं, तर सांगेना. पदर तोंडाला लावून आत गेली. नाना, विचार करा, सगळ्या घराने ऐकावं आणि ज्याचं तोंड त्यालाच कळू नये! मी चौकशी आरंभली. आमच्या शाळेचा शिपाई भिकन याला पुढल्या रविवारी उशाशी पाटी-पेन्सिल देऊन बसवलं आणि सांगितलं की मी जे बोलेन ते काना-मात्रेसकट उतरून घे. चार वाजता उठलो तो भिकन माझ्या पायथ्याशी पाटीवर गाल टेकून झोपलेला. पाटीवर एवढंच होतं, ‘मास्तर निजले.’ बाकीचं त्याच्या गालावर उमटलं होतं, पण उलटं असल्याने वाचता आलं नाही. पुढे मी डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, ताक पिऊन, ताक न पिता, दक्षिणेकडे पाय करून, असे सगळे प्रकार केले. शेवंता म्हणे, रोज तेच बोलता. तेच म्हणजे काय, ते मात्र नाही.

ते कळलं डिपोटीसाहेबांमुळे. फाल्गुनात ते तपासणीला आले. गृहस्थ कोकणाकडले, वयस्कर, सगळे त्यांना नानासाहेब म्हणतात. चौथीची गणितं घेऊन झाली, दुपारची वेळ, मी खुर्चीत बसलेला. (खुर्चीला पाठ होती, हाच घात.) साहेब पगडी घालून स्टेशनावर जायला उठले आणि मी डोळे मिटून, चांगल्या मोठ्याने बोललो,

“नाना, थांब ना. मी बी येस. माले सोडीसन जाऊ नको.”

साहेबांना आपली बोली समजेना. त्यांनी भिकनला अर्थ विचारला आणि भिकनने, माझी नोकरी वाचावी म्हणून, अदबीने उलगडून सांगितलं की मास्तर म्हणतात, नानासाहेब, आम्हांला सोडून जाऊ नये. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं शाळा तपासतो आहे, म्हणाले, पण अजून थांबा असं मला कोणी म्हटलेलं नाही. त्यांनी स्टेशनची गाडी परत पाठवली आणि तीन दिवस आमच्या घरी राहिले! शेवंताच्या हातची कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन शेरेबुकात लिहून गेले, ‘शिक्षक प्रेमळ आहेत.’ गणिताविषयी काही लिहिलं नाही हे उपकारच.

ते गेल्यावर मीही शेवंताला तेच सांगू लागलो, की मी साहेबांनाच हाक मारली. त्यांच्याविषयी मला आदर आहे. ती चूल सारवत होती. हात न थांबवता म्हणाली,

“दिवसा ज्यासनं नाव काढतस नही, त्यासले झोपमा हाका मारतस. तीन वरीस व्हई गयात.”

मी घागर उचलून पाण्याला गेलो.

त्यानंतर मी जागा होताना स्वप्नाचं शेपूट पकडायला शिकलो. उठल्याबरोबर हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, की ते थोडं थोडं हाती येतं. तेव्हा ते असं आहे. गिरणेचं कोरडं पात्र आहे, भर उन्हाळा, पलीकडे डांगर-टरबुजांच्या वाड्या. तुम्ही पुढे पळता आहात, पाठमोरे. मी लहान. माझे पाय इतके जड झाले आहेत की उचलता उचलत नाहीत. मी हाका मारतो आणि तुम्ही एकदाही मागे वळून बघत नाही. एवढंच. रोज एवढंच.

आता माझा प्रश्न. असा दिवस खरोखर कधी झाला होता का? की पंचेचाळीस वर्षांचा माणूस झोपेत नवंच काही रचतो? रचत असेल तर वाळू इतकी तापलेली का, आणि पाय जड का? तुम्ही माझ्याहून सात वर्षांनी मोठे, तुम्हाला आठवत असेल. दोन ओळी लिहून कळवाव्या. मांडवातल्या गोष्टीविषयी काही लिहू नये, मीही लिहिलेलं नाही.

वहिनींना नमस्कार. इथे सर्वांच्या आठवणीत तुम्ही आहात. माझ्या बाबतीत कुठे ते वर आलंच आहे.

आपला आज्ञाधारक,
जीवराम

ता. क. हे पत्र शनिवारी लिहायला घेतलं, आज सोमवार आहे. मधल्या डागाला शाईचा डाग समजावं. मी त्यावर झोपलो होतो.

आणखी ता. क. शेवंता म्हणते, खरं ते लिहा, नाहीतर पत्र टाकू देणार नाही. तर खरं असं, की वरच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं आहे. पाडव्याला भागाबाई आत्या इथे आल्या होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, असा दिवस झाला होता. मी पाच वर्षांचा, अनवाणी, वाळूत रडत उभा होतो. तुम्ही तुमच्या वहाणा माझ्या पायांत घातल्या. त्या मोठ्या होत्या, माझे पाय उचलेनात. आणि तुमचे तळवे भाजत होते, म्हणून तुम्ही थांबू शकला नाहीत. पलीकडच्या काठाशी उरलेल्या डबक्यात पाय घालून, मी पोहोचेपर्यंत बसून राहिलात. ते स्वप्नात कधी येत नाही. मी त्याआधीच जागा होतो.

तेव्हा उत्तर लिहू नका. या. ऊन फार आहे, वहाणा घालून या.