मशीनचं कुंकू

बाबा, तुमच्या व्हीसीआरनं मला रडकुंडीला आणलं आहे. तुम्ही असता तर झाकणावर एक चापट मारून तो सुरू केला असता आणि वर मलाच म्हणाला असता, "मशीनले कायले भेतं? मशीन मानसावानी नाटक नाही करत." मी भीत नाही, बाबा. पण हाताशी वेळ उरलेला नाही आणि हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला सुचत नाही.

आईला काचबिंदू झाला आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस पुरेल तेही सांगता येत नाही. उरलेली म्हणजे तरी काय, समोरच्या माणसाचं तोंड, तेही खिडकीजवळ बसवलं तर. आर्णीला परत येताना एसटीत तिनं तिकिटं रुमालात बांधली. मग म्हणाली, "तुह्या बाबाले एकडाव पाह्याचं हाये मले. मंग गेली नजर तं गेली." भिंतीवर तुमचा फोटो आहे, पण त्यात तुम्ही श्वास रोखून बसल्यासारखे दिसता. तिला चालणारे-बोलणारे तुम्ही हवे आहात. गावोगावच्या लग्नांचं शूटिंग करणाऱ्या माणसाची स्वतःची कॅसेट एकच, माझ्या लग्नाची. त्या दिवशी तुम्ही कॅमेरा शेजारच्या काकांच्या हाती दिला होता. "पोरीचं लगन का एका डोयानं पाहू?" असं म्हणाला होता.

नागपूरला पाठवली तर कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतात म्हणे. पण आई ती हातातून सोडायला तयार नाही. तुमच्या बाकीच्या कॅसेटी लोक पाहायला म्हणून घेऊन गेले आणि कोणी आणून दिल्या नाहीत, हे ती विसरलेली नाही. टीव्हीच्या दुकानातला माणूस येऊन गेला, मशीनकडे बघून म्हणाला, "ताई, भंगारात द्या हे." आईनं त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर मला सांगितलं की याला पुन्हा बोलवायचं नाही.

तेव्हा मीच बसले. भिंतीवरच्या या नव्या टीव्हीला मागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं नाहीतच, एकच बारीकसं भोक आहे. त्यासाठी वेगळी वायर लागते, ती आर्णीत मिळेना, दिग्रसहून आणली. रंगाला रंग जोडला तर पडद्यावर नुसतं "सिग्नल नाही". तासभर मी रिमोटची बटणं दाबत होते आणि आई मागून दर थोड्या वेळानं विचारत होती, "आले का वं?" शेवटी मला तो पोळ्याचा दिवस आठवला. तुम्ही एका गावात भाड्यानं व्हीसीआर लावला होता, सगळं गाव पटांगणात बसलं होतं, मी वायरी चुकीच्या लावल्या आणि तुम्ही सगळ्यांदेखत माझ्यावर खेकसलात, "रंगाच्या भरवशावर राहू नको. तार कुठून कुठं जाते ते पाह्य." मी पिवळीच्या जागी लाल लावून पाहिली. "सिग्नल नाही"ची पाटी गेली. मला इतका आनंद झाला की मी आईला उठून बसायला सांगितलं, आणि तिथंच माझं चुकलं, कारण कॅसेट आत जाईना.

झाकण उघडलं तर आत तांदूळ. पिवळे पडलेले दाणे, वाळून चुरा झालेली आपट्याची पानं, आणि चित्र वाचणाऱ्या त्या चकचकीत ड्रमवर लाल थर; आवाज वाचणारा भाग बाजूला, तो तेवढा स्वच्छ. दसऱ्याला मशीनची पूजा तुम्हीही करायचा, पण कुंकू झाकणावर, तेही बोटाच्या टोकानं. तुम्ही गेल्यावर आईनं स्वतःच्या कपाळाचं कुंकू पुसलं. मशीनचं मात्र पुसलं नाही. दर दसऱ्याला ती त्याला पाटावर बसवते, कॅसेटची फट म्हणजे त्याचं तोंड असं समजून तिथं हळद-कुंकू वाहते आणि अक्षता टाकते. मी दाणे वेचून ओढणीच्या टोकात बांधले. ड्रम स्पिरिटनं पुसला, लाल निघालं, ओरखडे राहिले. "काय निंघालं वं?" तिनं विचारलं. "धूळ," मी म्हटलं.

आज दुपारची गोष्ट. आई इस्त्रीची साडी नेसून टीव्हीच्या पुढ्यात, अगदी नाक लागेल इतकी जवळ बसली आहे. कॅसेट आत जाते, मी बटण दाबते. पडद्यावर राखाडी मुंग्या, दुसरं काही नाही. आणि त्या मुंग्यांमधून तुमचा आवाज येतो, "माह्यावर कॅमेरा कायले धरतं? पोरीवर धर नं, पोरीवर."

"तुले दिसते का?" आई विचारते.

"हाव," मी म्हणते.

"मंग माह्ये डोये गेले म्हनाचे."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण चित्र नाही म्हटलं असतं तर काहून नाही हे तिनं विचारलं असतं, आणि ते कुंकू मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते? मी तिचा हात धरला. ती थोडा वेळ तुम्हाला ऐकत राहिली. मग म्हणाली, "फेटा कोन्या रंगाचा हाये त्यायचा?"

"गुलाबी."

"हाव," एवढंच म्हणाली आणि आवाज वाढवायला सांगितला.

आता लिहिताना आठवलं. तुमच्या डोक्यावर फेटा नव्हताच. ऐनवेळी एक कमी पडला म्हणून तुम्ही आपला काढून नवरदेवाच्या मामांना दिलात आणि मुलीचा बाप असून उघड्या डोक्यानं मांडवात फिरलात. त्यावरून आई तुम्हाला शेवटपर्यंत बोलत होती. ती हे विसरणं शक्य नाही. म्हणजे पडद्यावर काही नाही हे तिला कळलं, आणि आपले डोळे गेले नाहीत हेही कळलं. चित्र का गेलं, हे मात्र तिनं अजून विचारलेलं नाही.

उद्या दसरा आहे. आई मशीनच्या पूजेसाठी कुंकवाचा करंडा शोधते आहे, हाताला लागत नाही म्हणून मला हाका मारते आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, इथंच थांबवते. मशीनवर तुम्ही धुळीचा कण बसू देत नव्हता, तुम्हाला हे आवडणार नाही, पण मी उठून करंडा तिच्या हातात देणार आहे.