मागून येणाऱ्या बायांसाठी

आप्पा, आज पुन्हा माझ्या तोंडावर दार बंद झालं. मी लेकीकडे आलेय, परदेशात, समुद्रकाठच्या शहरात. इथे भर बाजारपेठेत ट्रामचं शेवटचं स्थानक आहे, तिथून गाडी उलटी फिरते. नातीला पाळणाघरातून आणायचं काम माझं. गुडघा धरत फलाटावर पोचले, काचेवर हात ठेवला, चालक माझ्याकडे बघत होता, आणि गाडी निघाली. पुढची पंधरा मिनिटांनी. उशीर झाला की पाळणाघरातली बाई नातीला बूट घालून दारात उभी करते आणि माझ्याशी गोड हसून बोलते, त्या हसण्याचा मला संताप येतो. आठवड्यातली ही तिसरी खेप. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला मोडक्या इंग्रजीत विचारलं की अर्धं मिनिट थांबला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? त्याने शांतपणे तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवला. त्याच फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर तुम्हाला लिहितेय.

कारण थांबणारा माणूस मी पाहिलाय. भवानी पेठेतल्या शेवटच्या थांब्यावर तुम्ही कंट्रोलर होता. पत्र्याची केबिन, खिळ्याला सुतळीने बांधलेली तक्रारवही, तुमच्या गळ्यात शिट्टी. ती वाजल्याशिवाय बस हलायची नाही, आणि घरी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन परतणाऱ्या बाया दिसेपर्यंत ती वाजायची नाही. विड्या तपासणारा कधी लवकर सोडायचा, कधी निम्म्या विड्या बाजूला काढून हुज्जत घालत बसायचा. मग बाया रिकाम्या टोपल्या काखेत मारून, आपसात तेलुगूत बोलत पळत यायच्या आणि चढताना तुम्हाला 'अन्ना' म्हणायच्या. ड्रायव्हर कुरकुरायचा. तुम्ही मात्र नोंदवहीत सुटायची वेळ खरीच लिहायचा.

बारावीच्या प्रॅक्टिकलचा दिवस. मी पुढच्या सीटवर बसलेय, सारखं घड्याळ बघतेय. शेवटी खिडकीतून म्हणाले, "आप्पा, मारा की शिट्टी. माजी परीक्षा हाय."

तुम्ही वळूनही बघितलं नाही. "हितं मी तुजा बाप न्हाय. मागनं दोगी यायच्या हायत, गप बस."

सगळी बस ऐकत होती. मी उशिरा पोचले. सरांनी आत घेतलं, पण सगळ्यांसमोर फैलावर घेऊन. तुमचा इतका राग आला होता, आप्पा, की थोडा अजूनही आहे. घरच्या माणसाची किंमत नाही आणि जगाची उठाठेव, असंच वाटायचं मला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी त्या तक्रारवहीत लिहिलं: इथली बस रोज मुद्दाम उशिरा सोडतात. खाली 'एक प्रवासी'. महिन्याभरात तुमची शिट्टी गेली, आणि तुम्हाला डेपोत टायरांच्या नोंदी करायला बसवलं. त्या संध्याकाळी आई भाकरी थापत तक्रार करणाऱ्याला शिव्या घालत होती. तुम्ही पिठलं कालवत म्हणालात, "लिवणाऱ्याचं काय खोटं न्हाय. बस उशिराच सुटायची की." माझ्याकडे बघितलं नाहीत. आठवड्याने माझ्यासाठी शाईची बाटली आणलीत, काळी. तुम्हीच दिलेल्या पेनात मी मोरपिशी शाई भरायचे, आणि वहीतली तक्रार त्याच शाईत होती. तुम्ही ओळखलंत आणि मला पाठीशी घातलंत, हे बाटली हातात घेतानाच मला कळलं. त्यानंतर तुम्ही बरीच वर्षं होता. मी बोलले नाही. पण तुम्ही विचारलं नाही, याचाही मला राग येतो. एकदा कान पिरगाळून विचारायचं होतं की.

फॉर्म उलटा करून बघितला. पहिलाच रकाना तक्रार करणाऱ्याच्या नावाचा. तिथे या वेळी स्वतःचं नाव लिहिलं. गाडी थांबत नाही, एवढंच पुढे लिहायचं होतं, ते काही लिहवेना. इतक्यात ट्राम लागली.

आता गाडीत बसून लिहितेय. हा कागद चौकशीच्या खिडकीवर जाणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तर कसा जाणार? मी दाराशीच बसले होते. एक बाई दोन्ही हातांत पिशव्या सांभाळत फलाटावरून पळत येत होती. मी नुसता पाय आडवा घातला असता तरी दार लागलं नसतं. मी घड्याळ बघितलं. दार बंद झालं, आणि आप्पा, मला बरं वाटलं.