शिंगं शेवटी

आबा, परवा भोरला तुमच्या रीतीनं एक लढाई जिंकले आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

तालुक्याच्या निबंध स्पर्धेला मी परीक्षक होते. विषय होता, वाडीवस्तीवरच्या मुलींनी शिकायला वसतिगृहात राहावं का. दहा गुण कसे द्यायचे ते मी आधीच फळ्यावर लिहिलं होतं, मुलांनाही दिसेल असं: मत स्पष्ट आहे का, दोन, कारणं पटतात का, तीन, उलट बाजू प्रामाणिकपणे मांडून तिला उत्तर दिलंय का, तीन, भाषा आणि अक्षर सगळ्यात शेवटी, दोन. हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले असं सगळ्यांना वाटतं. मी शिकले वेल्ह्याकडच्या पाहुण्यांच्या गोठ्यात. मी दहा वर्षांची, तुम्ही कळपासाठी बोकड निवडायला आलेले, आणि मी पिळदार शिंगांच्या एकाला मिठी मारून बसलेली. तुम्ही खेकसलात, "शिंगं काय लोणच्यात घालायची हायेत व्हय? आदी दात बग, मंग पाय, मंग पाठ. शिंगं शेवटी." नाकारलेल्या प्रत्येक बोकडाचं कारण तुम्ही पाहुण्यांना तोंडावर सांगितलंत. तरी त्यांना राग आला नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

परवा शेवटी दोन निबंध उरले. एक भोरच्या मुलाचा, मोत्यासारखं अक्षर आणि सुविचारांची खैरात. दुसरा हिर्डोशीच्या वरच्या वाडीतल्या, शेरडं राखणाऱ्या घरच्या मुलीचा. वसतिगृहात जायचंच, असं ती म्हणते. पण आधी पानभर आईची बाजू मांडते, अशी की आपल्याला आईचंच पटावं. मग एकेक मुद्दा खोडत जाते. सोबतचे सर म्हणतात, "अहो बाई, हिनं 'न्हाई' लिहिलंय! ही जिल्ह्याला पाठवायची?" मी म्हणते, "भाषेचा एक गुण कापा. आणखी कुठं कापायचा ते फळ्यावर बघून सांगा." सरांनी एकच गुण कापला. पोरीला नऊ, मुलाला पाच. त्यानं उलट बाजू लिहिलीच नव्हती. जाब विचारायला आला, फळा वाचला आणि मान डोलावून गेला. पोरगी मात्र धावत आली, "बाई, म्या लिवल्याला पयला आला? खरंच न्हवं?" आबा, मला तिथंच नाचावंसं वाटलं!

तुम्ही तर गेलात, आता हे पत्र टाकायचं कुठं? तुम्हाला आलेली पत्रंसुद्धा मीच वाचून दाखवायचे. म्हणून सरांना न सांगितलेलं इथंच लिहिते. पहिल्या वाचनात मीच त्या पोरीला चार दिले होते. पहिल्याच ओळीत 'म्या ठरवलंय' दिसलं आणि पुढचं मी नीट वाचलंच नाही. मग तो 'म्या' मला तुमच्या आवाजात ऐकू आला, आणि मी चार खोडून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.